आमच्या लॅबमधला बारमाही दसरा

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा महिने दसरा असायचा. बाहेर संक्रांत असो नाहीतर पोळा, आमच्या पडद्यांच्या कोपऱ्यात तारीख दसऱ्याचीच. आणि ती तिथं ठेवण्याचं काम माझ्याकडं होतं.

त्याचं असं झालं. लॅब सुरू झाली त्या वर्षी दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. मॉनिटरला झेंडूच्या माळा, कीबोर्डवर आपट्याचं पान, आणि प्राचार्यांच्या हातून मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर बसवलं गेलं. ते महिनाभर वापरून बघण्यापुरतंच होतं. महिना संपला की ते कुलूप लावून बसणार होतं. विकत घेण्याचा विषय निघाला की संस्थेतल्या सगळ्यांना एकदम दुसरी कामं आठवायची. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की मशीनची तारीख मागं नेली तर सॉफ्टवेअरला महिना संपल्याचं कळतच नाही. झालं! तेव्हापासून सकाळी लॅब उघडली की झाडून घ्यायचं, मशीन चालू करायची आणि तारीख दसऱ्यावर आणून ठेवायची. हा क्रम मी इतकी वर्षं पाळला की त्यात काही विचित्र आहे हेच मी विसरून गेले होते.

मी मूळची परतूर तालुक्यातल्या आष्टीची. शिकायला जालन्याला आले आणि शिकून तिथंच चिकटले. कॉलेजात मला ‘लॅबवाल्या मॅडम’ म्हणायचे. म्हणजे चाव्या माझ्याकडं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी माझ्याकडं आणि मशीन बंद पडलं की दोषही माझ्याकडंच. शिकवणारे सर वेगळे होते. ते फळ्यावर शिकवून औरंगाबादच्या गाडीनं घरी जात. मशीनशी खरा संसार माझा होता.

त्यातलं मुख्य मशीन होतं ते एका बियाणे कंपनीनं दिलेलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला अशा कंपन्यांची ऑफिसं पुष्कळ. त्यांच्याकडं नवी मशीन आली, की जुनी कोणाला तरी देणगीत मिळायची. आमच्या वाट्याला आलेलं मशीन थकलेलं होतं, पण प्रामाणिक होतं. त्याच्यावर एका बाजूला ऑफिसचं मराठी टायपिंग आणि दुसऱ्या बाजूला मी स्वतः बसवलेलं लिनक्स, ही मशीन चालवणारी फुकटातली यंत्रणा. एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत आणि भिंतीवरचं घड्याळ दोघांत एकच असावं, तशी तऱ्हा. बाकीची मशीन तारेनं याला जोडलेली. मुली त्यांच्यावर बसायच्या आणि काम या एका म्हाताऱ्यावर व्हायचं.

आमच्याकडं मुलींसाठी कॉम्प्युटरची एक पदविका होती. तिच्या अभ्यासक्रमात त्या वर्षी पर्ल नावाची भाषा आली, तीही नव्या आवृत्तीची. अशा भाषेत मुलींनी कितीही सुंदर प्रोग्राम लिहिला तरी तो मशीनला कळत नाही. तो वाचून चालवणारा एक दुभाषा मशीनवर बसवावा लागतो. आमच्याकडं दुभाषा होता, पण जुना. पुस्तकातले निम्मे प्रोग्राम त्याला कळायचे आणि उरलेल्या निम्म्यांवर तो चिडायचा. सरांनी त्यावर उपाय काढला होता. प्रोग्राम वहीत लिहायचे आणि उत्तर काय येईल ते मनात समजून घ्यायचं. मला त्या उपायाचा संताप यायचा, पण माझा संताप विचारतो कोण.

वर्गात हसनाबादची एक बाई होती. बाई म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची, लग्न झालेली. नवरा शेती बघायचा, घरात सासूचा शब्द चालायचा. शिकायला पाठवण्याचा निर्णयही सासूचाच आणि त्याला घातलेली अटही सासूचीच. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचं, जालन्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. ही सासू दुष्ट होती असं मुळीच नाही. सुनेचा डबा ती स्वतः भरून द्यायची. पण जालना तिनं पाहिलेलं होतं आणि औरंगाबाद पाहिलेलं नव्हतं. जे पाहिलं नाही तिथं सुनेला एकटीनं कसं पाठवायचं, एवढा साधा तिचा हिशोब होता. ही सूनही अशी, की वहीत लिहिलेल्या प्रोग्रामवर तिचं समाधान व्हायचं नाही. सगळ्याजणी गेल्या तरी ती माझ्याकडं यायची. “मॅडम, हे खरंच चाललं असतं का हो?” मला सांगता यायचं नाही. कारण मीही ते चालताना पाहिलेलं नव्हतं.

परीक्षेच्या आधी एका गुरुवारी विद्यापीठातून प्राचार्यांना फोन आला. सोमवारी सकाळी बाहेरचे परीक्षक केंद्र तपासायला येणार. नव्या आवृत्तीचं पर्ल मशीनवर चालताना दिसलं तर प्रात्यक्षिक परीक्षा जालन्यात. नाही दिसलं तर सगळ्या मुली औरंगाबादच्या केंद्राला जोडणार. परीक्षा तीन दिवसांची. म्हणजे तिथं मुक्काम आलाच.

मी वर्गात हे सांगितलं तेव्हा मुलींची कुजबुज सुरू झाली. कोणाची मावशी औरंगाबादला होती, कोणाच्या भावाची खोली होती. हसनाबादचीनं मात्र वही पिशवीत घातली, डब्याचं झाकण उगीचच पुन्हा घट्ट केलं.

“मंग माझं न्हाई होणार, मॅडम,” ती म्हणाली. “दोन वरसं येऊन राह्यले, पण जाऊ द्या. काही तरी शिकले.”

ते ‘काही तरी शिकले’ माझ्या डोक्यात गेलं. इतकं शहाण्यासारखं आणि इतक्या शांतपणे कोणी हरलेलं मला बघवत नाही. मी म्हणाले, “सोमवारला अजून वेळ आहे. तू घरी काहीच सांगू नको.”

शुक्रवारी मी नव्या पर्लचं तयार पॅकेट बसवून पाहिलं. स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरच्या मासिकासोबत सीडी मिळायची, तिच्यावर होतं. पण आमचं लिनक्स जुनं. पॅकेटाला जे जे लागत होतं त्यातलं काहीच आमच्या घरात नव्हतं. एक अडचण दूर करावी तर दुसरी उभी. दुपारपर्यंत माझी खात्री पटली, की हा रस्ता बंद आहे. मात्र त्याच सीडीवर पर्लचा मूळ सोर्स कोडही होता. म्हणजे ज्यांनी पर्ल बनवलं त्यांनी लिहिलेला सगळा मजकूर जसाच्या तसा. तो आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे आपल्या मशीनला चालेल असं पर्ल आपल्याच घरात तयार करायचं.

प्राचार्यांना हे सांगायला गेले. त्यांचं शिक्षण निझामाच्या काळातल्या शाळेत सुरू झालेलं. बोलण्यात उर्दूची चव आणि आवाज असा, की व्हरांड्यातली पोरं आपोआप चपला नीट ठेवत.

“तयार मिळत न्हाई का ते?” त्यांनी विचारलं.

“मिळतं सर, पण ते दुसऱ्याच्या गिरणीचं पीठ आहे. आपल्याला पचत नाही. मी गहू आणलाय. आपल्याच मशीनवर दळून काढते.”

“येतं का तुम्हाला?”

“आजपर्यंत केलं नाही. पण करते.”

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. “जल्दी करा मंग. सोमवार लांब न्हाई.”

शनिवारी सकाळी सुरुवात केली. आधी एक प्रोग्राम चालवायचा असतो, तो मशीनची चौकशी करतो. मी बऱ्याच चौकश्या पाहिल्यात, मला बघायला आलेल्या मंडळींच्यासुद्धा. पण अशी चौकशी कोणी केली नव्हती. मशीन कोणत्या जातकुळीचं, त्यावर काय काय येतं, अमुक आहे का, तमुक कुठं ठेवलंय, कोणाला निरोप पाठवायचा. प्रश्न संपेनात. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. पण तो प्रोग्राम स्वभावानं चांगला होता. आपणच उत्तर सुचवायचा आणि फक्त एंटर दाबा म्हणायचा. मी एंटर दाबत गेले. शेवटी चौकशी संपली, आणि मी खरी आज्ञा दिली. ‘मेक’. एवढाच शब्द.

पडदा वाहू लागला. सोर्समधली एकेक फाइल घ्यायची, तिचं मशीनच्या भाषेत रूपांतर करायचं, पुढची घ्यायची. फायलींची नावं वर सरकताना मला असा आनंद झाला की मी उठून पंखा बंद केला. म्हाताऱ्या मशीनवर लाईटचा ताण नको. मधूनमधून एक सूचना चमकायची, ‘या फाइलची वेळ भविष्यातली आहे.’ आमच्या लॅबमध्ये बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट भविष्यातलीच असायची. मी हसले आणि सोडून दिलं.

आणि लाईट गेली. त्या काळात लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं आणि वेळापत्रकाबाहेरही लाईट जायची. यूपीएसचा जीव एवढाच, की मशीन नीट बंद करता यावं. मी बंद केलं आणि बसून राहिले. लाईट आली, मशीन चालू केलं, नेमानं तारीख दसऱ्यावर नेली आणि पुन्हा ‘मेक’. पडदा पुन्हा वाहू लागला. फायलींमध्ये टोक नावाची एक फार मोठी फाइल होती, तिथं मशीन बराच वेळ अडून धापा टाकायचं. ती ओलांडली, थोडं पुढं गेलं आणि पुन्हा लाईट गेली. शनिवार असा संपला.

रविवारी सकाळी मी लॅब उघडत होते तेव्हा हसनाबादची दारात उभी. “जादा प्रॅक्टिकल हाय म्हणून सांगून आले,” ती म्हणाली. “घरी बसवंना.” मी तिला आत घेतलं. तिच्या हातात द्यावं असं काही काम नव्हतं. ती नुसती बसून पडदा बघत राहिली.

दहाच्या सुमाराला लाईट गेली, बऱ्याच वेळानं आली. मी ‘मेक’ म्हटलं, आणि थोड्या वेळानं पडद्यावर पुन्हा टोक. मशीन पुन्हा धापा टाकू लागलं.

मी ताडकन उठले. काल हीच फाइल दोनदा झाली होती. आज सकाळीही झाली होती. ही चौथी खेप. मला आधी राग येतो आणि मग डोकं चालतं, आणि त्या दिवशी ते खरंच चाललं. गिरणीत दळण अर्धं झाल्यावर लाईट गेली तर गिरणीवाला झालेलं पीठ पुन्हा वर ओतत नाही. उरलेले गहू तेवढे दळतो. आणि हा ‘मेक’ तर त्याच्यासाठीच प्रसिद्ध होता. जे झालं ते सोडायचं, जे राहिलं ते करायचं, हीच तर त्याची हुशारी असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मग आमच्याच घरी येऊन हा मूर्खासारखा का वागतो?

मी पुस्तक काढलं. झालेलं काम कोणतं आणि राहिलेलं कोणतं हे ‘मेक’ कशावरून ओळखतो? तारखेवरून! मूळ फाइलपेक्षा तयार झालेली फाइल नवी असेल, तर काम झालंय. मूळ फाइलच नवी असेल, तर ती कोणीतरी बदललेली दिसते, पुन्हा करा. सोर्स अलीकडच्या काही महिन्यांतला. आणि माझ्या मशीनवर तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलवर शिक्का बसत होता काही वर्षांपूर्वीच्या दसऱ्याचा. तयार झालेली प्रत्येक गोष्ट तयार होताक्षणीच शिळी! आमच्याकडं दळलेलं पीठ पुन्हा गहू होत होतं. लाईट सलग दिवसभर राहिली असती, तरी बसवायच्या वेळी हा शहाणा पुन्हा पहिल्यापासून दळायला बसला असता. ‘वेळ भविष्यातली आहे’ म्हणून तो बिचारा काल सकाळपासून ओरडून सांगत होता.

मी मोठ्यानं हसले. हसनाबादची दचकली. “काय झालं, मॅडम?”

“आपल्याकडं दसरा आहे ना, त्यानं घोळ केलाय,” मी म्हणाले. “दसरा उठवावा लागणार.”

पण तो माझ्या एकटीच्या हातात नव्हता. तारीख खरी केली, की पलीकडच्या बिऱ्हाडातलं टायपिंग कुलूप लावणार. मागाहून तारीख पुन्हा मागं नेली तरी ते उघडायचं नाही. एकदा कळलं की कायमचं कळलं, अशी त्या सॉफ्टवेअरची खोड होती, आणि हे प्राचार्यांना मीच पूर्वी समजावून सांगितलेलं होतं. त्यात संस्थेचा वार्षिक अहवाल अर्धा टाइप होऊन पडलेला. प्राचार्यांचं घर कॉलेजच्या मागंच होतं. मी निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. ते धोतर-बनियनवर पेपर वाचत होते. माझं तोंड पाहून त्यांनी शर्ट चढवला आणि माझ्याबरोबर लॅबमध्ये आले. येताना वाटेत मी सगळं सांगितलं.

“तारखेला बिलकुल हात लावायचा न्हाई,” ते दारातच म्हणाले. “अहवालाचं काय? अध्यक्षांना काय तोंड दाखवू?”

“सर, अहवाल हातानं लिहिता येतो. परीक्षा हातानं देता येत नाही.”

असं मी त्यांना याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनाही ते जाणवलं असावं. भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांनी उगीच पाहिलं. मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या हसनाबादच्या बाईकडं गेली.

“तू कुठली?”

“हसनाबादची, सर.”

“केंद्र गेलं तर औरंगाबादला जाशील का परीक्षेला?”

ती खाली बघत म्हणाली, “न्हाई, सर.” कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. मराठवाड्यात उभी हयात मास्तरकी केलेल्या माणसाला त्या ‘न्हाई’चं कारण सांगावं लागत नाही.

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडं पाहिलं. ती तारीख त्यांच्याच हातांनी पूजा झालेल्या दिवसाची. मग म्हणाले, “करा. बहुत दिवस चालला आपला दसरा.” आणि खुर्ची ओढून बसले.

मी तारीख बदलली. पडद्यावर त्या दिवसाचा खरा रविवार उमटला तेव्हा मला चमत्कारिक वाटलं. इतकी वर्षं मी त्या दिवसाला रोज सकाळी मागं ढकलत होते. आधीचं सगळं दळलेलं टाकून दिलं, कारण त्यावर जुने शिक्के होते. नव्यानं ‘मेक’ म्हटलं. या वेळी पडद्यावर एकही तक्रार चमकली नाही. पडदा गुपचूप वाहत राहिला. टोक आली, मशीननं धापा टाकल्या, टोक गेली.

आणि दुपारी ठरल्याप्रमाणं लाईट गेली.

ती वाट बघणं माझ्या अजून लक्षात आहे. हसनाबादच्या बाईनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तिघांनी खाल्लं. प्राचार्य म्हणाले, “तुझ्या सासूच्या हाताला चव आहे.” ती हसली. तिच्या हसण्यात निम्मी भीतीच होती. माझंही लक्ष जेवणात नव्हतं. मी जे म्हणते आहे ते खरं आहे की नाही, हे लाईट आल्यावरच कळणार होतं. खोटं निघालं असतं तर परीक्षा गेली, अहवाल गेला, आणि लॅबवाल्या मॅडमचं नाव कायमचं गेलं.

लाईट आली. मशीन सुरू झालं. माझा हात सवयीनं तारीख बदलायला निघाला, तो मीच मागं ओढला. ‘मेक’ म्हटलं. पडदा क्षणभर गप्प राहिला. आणि मग पहिलंच नाव आलं ते टोकच्या कितीतरी पुढच्या फाइलचं. झालेलं सगळं त्यानं सोडून दिलं होतं. उरलेले गहू तेवढे दळायला घेतले होते.

“पुढून सुरू झालं, मॅडम!” हसनाबादची ओरडली. प्राचार्यांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं. पण तेही उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही. कशाला लपवू? माझ्या मास्तरांनी मला हे शिकवलेलं नव्हतं. आष्टीतल्या शाळेत मी कॉम्प्युटरचं चित्रसुद्धा पाहिलेलं नव्हतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून कोणी लिहिलेली गोष्ट मी नवीन जालन्यात, थकलेल्या मशीनवर, लोडशेडिंगमध्ये उभी करत होते.

उन्हं उतरता उतरता कंपाइल संपलं. पण मी लगेच बसवलं नाही. आमच्या घरी बियाणं पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात थोड्या बिया गुंडाळून ठेवतात आणि किती उगवल्या ते बघतात. पिशवीवर काहीही छापलेलं असो. माझे वडील तर ते बघितल्याशिवाय तिफणीला हात लावत नसत. पर्लमध्येही तशी सोय होती. ‘मेक टेस्ट’ म्हटलं, की ते स्वतःच स्वतःला तपासायचं. मी ते सुरू केलं. एकेका ओळीच्या शेवटी ‘ओके’ उमटू लागलं. हसनाबादची ते वाचत होती आणि एसटीच्या वेळेकडंही बघत होती. शेवटी तिला उठावंच लागलं. तपासणी अजून चालू होती. दारापाशी वळून तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं आणि गेली. मी उगीच धीर दिला नाही.

ती गेल्यावर थोड्याच वेळात शेवटची ओळ आली. सगळ्या चाचण्या यशस्वी. सगळ्या. मी ती ओळ प्राचार्यांना मोठ्यानं वाचून दाखवली, मग पर्ल बसवलं आणि लॅबला कुलूप लावलं. घरी जाताना रिक्षा केली नाही. कुंडलिका नदीच्या पुलावरून चालत गेले, आणि मला वाटलं, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावं.

सोमवारी परीक्षक आले. तोऱ्यात होते. इथं काही असेल अशी त्यांची अपेक्षाच दिसत नव्हती. मुली येऊन बसल्या होत्या. हसनाबादचीनं आत येताना माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी नुसतं मशीनकडं बोट केलं. परीक्षकांनी आवृत्ती बघितली, पुन्हा बघितली.

“हे कोणी बसवून दिलं? कंपनीचा माणूस आल्ता का?”

“सोर्समधून कंपाइल केलं,” मी म्हणाले. “इथंच. मी.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “कोणीतरी एक प्रोग्राम करून दाखवा. आणि मला माझ्या तपासणीच्या अहवालाला जोडायला तारखेसकट प्रिंट पाहिजे.”

तारखेसकट! प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. दसरा तसाच ठेवून चालवलं असतं, तर त्या कागदावर काय छापून आलं असतं या विचारानं मला घाम फुटला आणि हसूही आलं. प्रोग्राम करायला मी हसनाबादचीला बसवलं. तिनं वहीतला एक उघडला, जो वर्षभर मनातल्या मनात चालत होता. तिनं टाइप केला, चालवला आणि तो चालला. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर ढकलू लागला. वर कोपऱ्यात तारीख होती. बराबर त्याच दिवसाची. परीक्षकांनी सही केली. केंद्र जालन्यात राहिलं.

परीक्षेचे तिन्ही दिवस ती सकाळच्या एसटीनं आली आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी गेली. पास झाली, तेही चांगल्या गुणांनी. प्राचार्यांनी अहवाल हातानं लिहून काढला. अध्यक्षांनी तो वाचला आणि अक्षराचं कौतुक केलं.

त्यानंतरचा दसरा खरा आला, त्याच्याच दिवशी. लॅबमध्ये पूजा होती. मी झेंडूच्या माळा बांधत होते आणि दारात हसनाबादची उभी. या वेळी एकटी नव्हती. मागं नऊवारीतली, कपाळावर मोठं कुंकू लावलेली एक बाई चपला काढून उभी होती. ही सासू, हे मला सांगावं लागलं नाही. भरून दिलेल्या डब्यांवरून मी तिला ओळखतच होते.

तिनं लॅबभर नजर फिरवली. “ह्यातलं कोणतं?” तिनं सुनेला विचारलं. सुनेनं म्हाताऱ्या मशीनकडं बोट दाखवलं. ती पुढं आली, पदर सावरून वाकली आणि आपट्याचं पान कीबोर्डवर ठेवलं. दुसरं पान माझ्या हातावर ठेवलं.

“सोनं घ्या, बाई,” ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “ही म्हणती पुढचं शिक्षण औरंगाबादला असतं. खरं हाय का?”

मी म्हणाले, “खरं आहे.”

“मंग जाऊ द्या तिला. पहिल्या दिवशी मी जाते संगं. तेवढं मलाबी पाहू द्या कसं हाय ते.”

ती परीक्षा जालन्यात राहावी म्हणून मी सगळा जीव लावला होता, आणि ती जालन्यात राहिली म्हणूनच आता ही बाई औरंगाबादला जायला तयार झाली होती. सून माझ्याकडं बघून हसत होती, आणि या वेळी त्या हसण्यात भीती नव्हती. मी ते पान मुठीत धरलं आणि दुसऱ्या हातानं त्यांच्यासाठी खुर्च्या ओढल्या.